परतलेल्या यानाची झाडाझडती

2025 च्या जूनमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांचं उड्डाण सारखं पुढे ढकललं जात होतं, तेव्हा कारणांमध्ये एक गळतीही होती. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातून द्रवरूप ऑक्सिजन झिरपत होता. बहुतेक बातम्यांनी हे एका ओळीत उरकलं. शुक्ला बसणार होते ते ड्रॅगन यान नवं कोरं होतं, पण खालचा रॉकेटचा टप्पा आधी एकदा उडून परत आलेला होता. गळतीची चिन्हं त्या पहिल्याच फेरीत दिसली होती आणि मधल्या दुरुस्तीत ती पुरती निघाली नव्हती. स्पेसएक्सचे विल्यम गर्स्टनमायर यांनी पत्रकारांसमोर हे कबूल केलं. पक्क्या दुरुस्तीशिवाय उड्डाण नको असा आग्रह आपल्या चमूने धरला, असं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितलं. 11 जूनला ठरलेलं उड्डाण अखेर 25 जूनला झालं.

‘विमानासारखं उतरवा, इंधन भरा, पुन्हा उडवा’ हे स्वप्न आपल्याला पन्नासेक वर्षं विकलं जात आहे. स्पेस शटल दोन आठवड्यांत पुन्हा उड्डाणाला सज्ज होईल, असं 1970 च्या दशकात सांगितलं जाई. प्रत्यक्षात एकाच शटलच्या दोन उड्डाणांमधलं सर्वांत कमी अंतर 54 दिवसांचं ठरलं. ही 1985 मधल्या अटलांटिसची कामगिरी, आणि तो विक्रम 2011 मध्ये शटल निवृत्त होईपर्यंत मोडला नाही. कारण शटलच्या अंगावरच होतं. उष्णतेपासून वाचवणाऱ्या सुमारे 24 हजार फरशा, आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. या फरशा सिलिकाच्या तंतूंच्या, बहुतांशी हवेनेच भरलेल्या, त्यामुळे पावसाचं पाणी पिणाऱ्या. दर फेरीनंतर एकेक फरशी तपासायची आणि तिच्यात जलरोधक रसायन टोचायचं, तेही हाताने.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. 1986 च्या चॅलेंजर शटलच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबर बुडवून दाखवलं, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण हेच फाइनमन केनेडी अंतराळ केंद्रात जाऊन बूस्टर जोडणाऱ्या कामगारांशीही बोलत बसले होते. त्या भागाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

शटलचे बूस्टर समुद्रात पडत, जहाजं ते ओढून आणत, त्यांचे भाग युटाला जाऊन दुरुस्त होत आणि नवं इंधन भरून परत येत. पावणेचार मीटर व्यासाची ही पोलादी नळकांडी वापरात आणि आडवे वाहून नेताना किंचित बेढब होत. पोचा आलेल्या डब्यावर झाकण बसवताना होते तशी कसरत जोडणीच्या वेळी होई. नळकांडं गोल आहे का हे ठरवायला तीन ठिकाणी व्यास मोजत. फाइनमन यांनी इथेच बोट ठेवलं. तिन्ही व्यास सारखे आले म्हणजे आकार वर्तुळच असतो, असं नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोण कोणत्याही दिशेने मोजा, रुंदी तेवढीच भरते, तरी तो गोल नसतो! भूमितीचं पुस्तक कारखान्यात नेऊन उघडणारा असा माणूस विरळा.

कामगारांची तक्रार याहून साधी होती. नळकांड्याच्या कडेवर 180 भोकं होती आणि एका भोकाच्या बरोबर समोरचं भोक शोधायला ती मोजत फिरावं लागे. त्यांनी सुचवलं, कडेवर समान अंतरावर रंगाच्या चार खुणा करा, म्हणजे फार तर 22 भोकं मोजावी लागतील. सूचना बारगळली, कारण त्यासाठी कामाची नियमावली बदलावी लागली असती आणि ते खर्चिक होतं. चार ठिपके रंगाचे! अपघाताचं कारण हे नव्हतं, हे खरं. पण वापरलेलं यंत्र ज्यांच्या हातांखालून जातं त्यांचं ऐकायला संस्थेला किती जड जातं, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

ऐकलं तर काय होतं, हेही पाहू. 2021 च्या सप्टेंबरमध्ये चार खासगी प्रवाशांना घेऊन गेलेलं ड्रॅगन परतल्यावर त्याच्या आतल्या फरशीखाली लघवी सांडलेली आढळली. शौचालयाची चिकटवलेली नळी सुटली होती. त्याच धाटणीचं दुसरं ड्रॅगन तेव्हा अंतराळ स्थानकाला जोडलेलं होतं. तिथल्या अंतराळवीरांनी फरशीखाली कॅमेरा घालून पाहिलं, तर तिथेही तीच तऱ्हा. आता प्रश्न असा की, लघवीत मिसळलेलं ऑक्सोन हे रसायन यानाच्या अॅल्युमिनियमला महिनोन्‌महिने खात बसेल का? उत्तरासाठी जमिनीवर अॅल्युमिनियमचे तुकडे त्याच मिश्रणात भिजत ठेवले गेले. गंज फार नव्हता. स्थानकाला जोडलेल्या त्या यानातून परतलेल्या चौघांना मात्र डायपरवर भागवावं लागलं. पुढच्या यानात ती नळी वेल्डिंग करून बसवली. एकदाच वापरायचं यान असतं, तर फरशी उघडून पाहण्याची तसदी कुणी घेतली असती का? पुनर्वापराचा खरा फायदा मला इथे दिसतो. यंत्र परत येतं आणि आपली दुखणी दाखवतं.

‘पुन्हा वापरलेलं’ ड्रॅगन म्हणजे सगळंच जुनं, असंही नाही. उष्णता-कवच आणि पॅराशूट यांसारखे काही भाग बदलावे लागतात. मागचा नळकांड्यासारखा भाग तर परत येतच नाही. खाऱ्या पाण्यात उतरलेल्या सांगाड्याची आणि झडपांची तपासणी होते. ‘एंडेव्हर’ यान 2020 मध्ये पहिल्यांदा माणसं घेऊन गेलं आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सहाव्यांदा. सुरुवातीला पाच फेऱ्यांपुरतीच मान्यता होती. ती वाढवायची तर एकेका भागाचं आयुष्य सिद्ध करावं लागतं, सगळ्या यानाला मिळून एकच शिक्का मारून चालत नाही.

म्हणून ‘इतक्यांदा उडालं’ या आकड्याने मी फारसा हुरळत नाही. मधल्या काळात काय उघडलं, काय बदललं आणि शंका आल्यावर ‘थांबा’ म्हणायचा हक्क कुणाला होता, हे कळायला हवं. इस्रोच्या ‘पुष्पक’ या पुनर्वापरासाठीच्या यानाने 2023 आणि 2024 मध्ये चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर तीनदा यशस्वी अवतरण केलं आहे. हेलिकॉप्टरमधून सोडलेलं हे यान अजून अंतराळात जाऊन आलेलं नाही, त्यामुळे खरी झाडाझडती पुढेच आहे. त्यासाठीची नियमावली आत्ता लिहायला घेतली, तर तिच्यात एक कलम जरूर असावं: पाना हाती असलेल्या माणसाने सुचवलेला बदल किती दिवसांत अमलात यायला हवा, याची मुदत.