मोझरीपासून लांब

आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीत दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळे स्तब्ध उभे राहतात. 11 ऑक्टोबर 1968 रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच वेळी देह ठेवला. त्याच घटकेला चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ब्रह्मपुरी, आरमोरी, मूल, चामोर्शीकडच्या गावांतही भगव्या टोप्या घातलेली माणसे प्रार्थना मंदिरापुढे उभी असतात. त्यातल्या कित्येकांना मोझरीला जाणे जमत नाही. सिरोंच्याहून मोझरी चारशे किलोमीटरांच्या वर आहे, आणि पंचमीच्या सुमारास हलके धान कापणीला आलेले असते. बांधी सोडून निघणार कोण?

आवडत्या लेखकाच्या नावाने मंडळ काढणे जगाला नवे नाही. जेन ऑस्टिनचे चॉटन इथले घर वाचावे म्हणून इंग्लंडात 1940 मध्ये तिच्या नावाची सोसायटी निघाली. आपल्याकडचा क्रम मात्र उलटा आहे. महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभारला 1935 मध्ये आणि ‘ग्रामगीता’ आली 1955 मध्ये. म्हणजे आश्रम आधी, त्याचा ग्रंथ नंतर. एक्केचाळीस अध्याय, 4675 ओव्या, आणि विषय कोणते तर ग्राम-आरोग्य, ग्रामरक्षण, लग्न, अंत्यविधी. गावालाच देव मानणारा हा ग्रंथ आहे. त्यामुळे वाचकाला तीर्थयात्रेची सक्ती उरत नाही. पहाटे सामुदायिक ध्यान, सांजेला सामुदायिक प्रार्थना, खंजिरीवर भजन आणि हातात झाडू, एवढे केले की गडचिरोलीतला माणूसही मोझरीचाच. लांबून सभासद होण्याची याहून स्वस्त सोय मला तरी ठाऊक नाही.

अर्थात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाला महाराज बाहेरचे नव्हतेच. त्यांचा जन्म 1909 चा, अमरावतीकडच्या यावलीचा. पण त्यांची तपोभूमी म्हणून चिमूरजवळचे गोंदेडा आजही दाखवले जाते. 1942 मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात त्यांच्या भजनांनी माणसे पेटली होती. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, मोर्चावर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर शहीद झाले आणि चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. 28 ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. पुढे नागपूर आणि रायपूरचा तुरुंग. चिमूरकडच्या घरांत ग्रामगीता पोचली तेव्हा तिचा कर्ता त्या घरांना आधीच ओळखीचा होता.

आणखी एक गंमत अशी, की लांबच्या वाचकांनी स्वतःचे केंद्रच उभे केले. ब्रह्मपुरी परिसरातली अड्याळ टेकडी ही गीताचार्य तुकारामदादांची कर्मभूमी. ग्रामगीतेतले गाव प्रत्यक्षात उतरवण्याच्या ध्यासाने त्यांनी तिथे माणसे जमवली, कार्यकर्ते घडवले. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या अनेकांची वाट मोझरीच्या आधी या टेकडीवर जाते. मूळ पीठापासून दूर असण्याचा हा फायदाच म्हणायचा. जवळच्यांना उत्सवाची व्यवस्था सांभाळावी लागते; लांबच्यांना फक्त ग्रंथ हाताशी असतो, मग ते त्याच्याशी झटतात.

नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये महाराजांचे नाव मिळाले. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये तिकडे गेली. महाविद्यालयांच्या पाटीवरून नाव उतरले म्हणून गावातली प्रार्थना काही थांबली नाही. ग्रामगीतेवर परीक्षा होतात, राष्ट्रसंतांच्या साहित्यावर संमेलनेही भरतात. माझी तक्रार तिथेच सुरू होते. व्यासपीठावर गौरवाची भाषणे भरपूर. ग्रंथाशी वाद घालणारा वक्ता विरळा. साहित्यिक म्हणून मान द्यायचा तर चिकित्साही हवी. सत्तर वर्षांपूर्वी मांडलेली ग्रामव्यवस्था आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यानंतरच्या, ग्रामसभेने बांबू विकणाऱ्या गडचिरोलीत कशी वाचायची, यावर एखादे सत्र जरूर व्हावे. आणि महिलोन्नतीचा अध्याय वाचून झाल्यावर गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यकारिणीत बायका किती आहेत, हेही तिथल्या तिथे मोजून घ्यावे.