महिना उलटला तरी न भरणारी जखम



आपल्या कन्नड तालुक्यात अद्रक असो, मका असो की कपाशी, बाईचा पाय दिवसभर मातीत. पऱ्हाटीचा सड लागतो, काटा मोडतो, चप्पल चावते. चांगल्या पायाची जखम आठ-पंधरा दिवसांत भरून येते. पण चार-सहा आठवडे झाले तरी ती ओलीच आहे, कडा पांढऱ्या पडल्यात, वास येतोय, तर ती जुनाट जखम समजायची. बहुतेक वेळा तिच्यामागे शुगर असते, पायाच्या फुगलेल्या शिरा असतात, नाहीतर कुष्ठरोगाने आलेला बधिरपणा. आणि अशी जखम पुष्कळदा दुखतही नाही. ‘दुखत नाही, म्हणजे बरी आहे’ असे म्हणत आपण घरी बसतो आणि पाय जातो.

हल्ली ‘स्वतःच्याच रक्तातून जखम बरी करतात’ असे कानावर येते. ते खरे आहे, पण नीट समजून घेऊ. डेंग्यूत ज्या पेशी कमी झाल्या की आपली धावपळ होते, त्या प्लेटलेट. कापले-खरचटले की त्या आधी धावून येतात, रक्त थांबवतात आणि नवे मांस वाढवणारी द्रव्ये सोडतात. डॉक्टर रुग्णाचेच थोडे रक्त नळीत घेऊन यंत्रात गरगर फिरवतात. घुसळल्यावर लोणी वेगळे व्हावे, तशा जड तांबड्या पेशी खाली बसतात आणि प्लेटलेटचा थर वेगळा होतो. रक्त गोठू न देणारे औषध घालून केले तर मिळते ते पीआरपी, पातळ. काहीच न घालता केले तर मऊ जेलीसारखी गाठ तयार होते, ती पीआरएफ. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 मध्ये ती पद्धत मांडली. ही जेली जखमेवर ठेवून वरून पट्टी बांधतात, आणि साधारण आठवड्याने पुन्हा तेच. रक्त आपलेच असल्याने अंगावर पुरळ वगैरे उठण्याची भीती कमी.

पण सडलेल्या मांसावर ही जेली ठेवणे म्हणजे खडकावर बी टाकणे. आधी डॉक्टरांनी मेलेले मांस कापून काढले पाहिजे, पू असेल तर तो मोकळा केला पाहिजे, पायात रक्त पोचते का ते नाडी हाताने तपासून पाहिले पाहिजे. शुगर आटोक्यात हवी आणि त्या पायावर भार नको. हा शेवटचा नियम आपल्याला सर्वांत जड जातो, पाणी कोण भरणार? इथे बचत गटातल्या बायांनी वाटून कामे घेतली, तर औषधाइतकाच गुण येतो असे आमचे मत आहे. एवढे न करता कोणी थेट महागड्या रक्तोपचाराचे पैसे सांगत असेल, तर ‘आधी जखम साफ करायची नाही का?’ असे विचारायला लाजू नका.

पट्टीचेही तसेच. जखमेला वारा लागू द्यावा, खपली धरू द्यावी, ही जुनी समजूत. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवले की झाकलेली, दमट जखम लवकर भरते. म्हणून आता पाणी शोषणारी फोमची पट्टी, समुद्री शेवाळापासून केलेली पट्टी, चांदी घातलेली पट्टी असे प्रकार आलेत. कोणती वापरायची ते जखम किती वाहते त्यावर ठरते. कोरड्या कापसाची पट्टी चिकटते आणि काढताना नवे मांसही ओरबाडून काढते. यावर मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली. ती चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि स्वस्त पडते. मात्र ते पान वाफेवर निर्जंतुक केलेले असते. बांधावरचे तोडून लावायचे नाही. हळद, चुना, तंबाखू, राख तर मुळीच नको.

शुगर असलेल्या घरातल्या माणसाचे तळवे रोज संध्याकाळी उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसह. अंगावर बधिर चट्टा दिसला तर आशाताईला सांगा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आणि बोट काळे पडले, लाली वर चढू लागली, थंडी वाजून ताप आला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी कन्नडचे सरकारी रुग्णालय गाठा. तिथून पुढे पाठवले तर संभाजीनगरच्या घाटीत जाताना शुगरचे जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या.