ढोलकी आणि फावडं

संध्याकाळी वस्तीतल्या चौकात पंधरा-वीस पोरंपोरी जमतात. कुणी डफ घेतं, कुणी झील धरतं, दोघं-तिघं सोंगं काढतात आणि तासाभरात शे-दोनशे माणसं भोवती गोळा होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच पोरं त्याच वस्तीत गटार उपसताना, विहिरीचा गाळ काढताना किंवा मुलांचा अभ्यासवर्ग घेताना दिसली, तर बघणाऱ्याला रात्रीच्या वगाचा अर्थ नव्याने कळतो. महाराष्ट्रात तरुणांनी ही रीत अनेक वर्षं जिद्दीने चालवली आणि तिला कलापथक हे नाव मिळालं.

आज महाविद्यालयांत पथनाट्यांच्या स्पर्धा होतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरंही भरतात. दोन्ही उपक्रम मोलाचे आहेत. पण बहुतेक ठिकाणी नाटक करणारी मुलं वेगळी असतात आणि श्रमदान करणारी वेगळी. एकाच मुलाच्या अंगी दोन्ही कसं मुरतं, हे समजून घ्यायचं तर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची गोष्ट नीट सांगायला हवी.

शाखेतून रंगमंचावर

राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. जातपात न पाहता मुलामुलींनी रोज संध्याकाळी मैदानावर एकत्र यावं, खेळावं, गावं, कवायत करावी आणि देशाविषयी चार गोष्टी समजून घ्याव्यात, असं शाखेचं साधं रूप होतं. बेचाळीसच्या आंदोलनात यातली कितीतरी मुलं भूमिगत झाली, तुरुंगात गेली. त्याच पिढीतून कलापथक आकाराला आलं. कवी वसंत बापट, शाहीर लीलाधर हेगडे, नृत्याची जाण असलेल्या सुधा वर्दे अशी मंडळी त्याच्या केंद्रस्थानी होती.

लोकांसमोर गाऊन-नाचून विचार मांडायचा, ही वाट महाराष्ट्रात आधीच मळलेली होती. सत्यशोधकी जलशांनी गावोगावी शेतकऱ्यांना भिक्षुकशाहीविरुद्ध जागं केलं होतं. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा वस्त्यावस्त्यांत नेला होता. १९४३मध्ये मुंबईत ‘इप्टा’ या जननाट्य संघाची स्थापना झाली, तर १९४४मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक कामगार वस्त्यांतून घुमू लागलं. सेवा दलाच्या कलापथकाने या सगळ्यांकडून घेतलं आणि त्यात स्वतःची भर घातली. इथे कलाकार शाखेतून यायचा. विद्यार्थी, शिक्षक, कारकून, कामगार असा कुणीही तो असे. नट होण्याआधी तो सैनिक असायचा. सेवा दलात स्वयंसेवकाला हाच शब्द होता. म्हणजे गावाला आधी त्याचं काम माहीत व्हायचं, मग सोंग.

पंढरपूरचा दौरा

या पद्धतीची मोठी कसोटी १९४६-४७मध्ये लागली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं यासाठी साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषणाचा निर्धार केला. पण लगेच उपोषणाला बसण्याऐवजी त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागवायचं ठरवलं. या दौऱ्यात सेवा दलाचं कलापथक त्यांच्यासोबत होतं. गावोगावी सभा होत. सभेत गुरुजी बोलत आणि कलापथक गाणी व संवाद सादर करी. कितीतरी गावांत स्थानिक देवळं आणि पाणवठे खुले झाले. अखेर १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषण सुरू झालं आणि १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचा निर्णय झाल्यावर ते सुटलं.

त्या दौऱ्यात कलेने काय साधलं, हे ध्यानात घ्यायला हवं. अस्पृश्यता वाईट आहे हे भाषणातून सांगता येतं. ऐकणारा मानही डोलावतो. पण सगळ्या जातींची मुलंमुली एका रांगेत उभी राहून एका सुरात गातात, एकमेकांच्या हातचं पाणी पितात आणि गावात एकाच पंगतीला बसतात, हे डोळ्यांनी पाहिलं की समतेची कल्पना करावी लागत नाही. ती समोरच असते. कलापथक जे सांगत होतं, तेच ते जगत होतं, म्हणून गाव त्याचं ऐकत होतं.

वग का निवडला?

तमाशाची चौकट कलापथकाने विचारपूर्वक घेतली. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, असा त्याचा क्रम. गणात वंदन असतं. गौळणीत मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी उलट सवाल करते. बतावणीत हजरजबाबी बोलणं चालतं. वगात एक सलग कथा घडते आणि सोंगाड्या तिच्यात घुसून आजच्या गोष्टी बोलतो. या चौकटीत काय काय मावतं पाहा. वाट अडवून दाण मागणाऱ्याच्या जागी काळाबाजारवाला सावकार सहज उभा राहतो. राजा-प्रधानाच्या कथेत निवडणुकीतला उमेदवार शिरतो. प्रेक्षकाला रूप ओळखीचं असतं, त्यामुळे नवा आशय परका वाटत नाही. शृंगारिक भाग बाजूला ठेवून कलापथकाने यातला विनोद, लय आणि सवाल-जवाबाची धार तेवढी घेतली.

या मंचासाठी मोठे लेखक आनंदाने लिहू लागले. पु. ल. देशपांडे यांचं ‘पुढारी पाहिजे’ आणि व्यंकटेश माडगूळकर यांचं ‘बिनबियांचे झाड’ ही लोकनाट्यं कलापथकाशी जोडलेली आहेत. स्वतः वसंत बापटांनी गीतं आणि संहिता लिहिल्या. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ अशा कार्यक्रमांतून वेगवेगळ्या प्रांतांची लोकनृत्यं आणि गाणी मराठी प्रेक्षकांसमोर आली. साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नाला, म्हणजे भारतातल्या भाषांनी एकमेकींना जवळ करावं या विचाराला, ते रंगमंचीय रूप होतं.

तरुणांच्या गटाला हा प्रकार सोयीचाही आहे. नेपथ्य लागत नाही, पडदा लागत नाही. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज आणि चार रंगीत उपरणी एवढ्यात काम भागतं. ज्याला अभिनय जमत नाही तो झीलकरी होतो, ज्याला गाता येत नाही तो ताल धरतो, ज्याला दोन्ही येत नाही तो गावात जाऊन कार्यक्रमाची जागा ठरवतो. कुणालाच ‘तू नको’ म्हणावं लागत नाही. लोकसहभागाच्या रंगभूमीचा हा पाया आहे.

मुली आल्या आणि चित्र बदललं

चाळीस-पन्नासच्या दशकात मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने मुलांबरोबर दौऱ्यावर जाणं आणि लोकांसमोर नाचणं ही मोठी गोष्ट होती. पालकांनी परवानगी दिली ती नाटकावरच्या प्रेमापोटी नव्हे. शाखा रोज त्यांच्या डोळ्यांसमोर भरत होती, तिथली मोठी माणसं घरी येत-जात होती आणि त्यांचं वागणं सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वास आधी कमावला गेला, म्हणून मुली मंचावर आल्या. सुधा वर्दे यांनी कलापथकात नृत्य केलं, बसवलं आणि पुढे आणीबाणीत तुरुंगवासही सोसला. त्यांची मुलगी झेलम परांजपे ओडिसी नृत्यांगना झाली. झेलमताईंची मैत्रीण, अभिनेत्री स्मिता पाटील हिच्यावरही शाळकरी वयात सेवा दलाचे संस्कार झाले. झेलमताईंनी पुढे सुरू केलेल्या ओडिसी नृत्यसंस्थेला या मैत्रिणीच्या आठवणीसाठी ‘स्मितालय’ असं नाव दिलं.

दिवसा माळी, रात्री नट

कलापथकात सेवा हा कार्यक्रमाला लावलेला शेला नव्हता. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि सेवा दलाचं कामही करत. ‘पुढारी पाहिजे’मधल्या त्यांच्या रोंग्याने लोकांना हसवलं. १९५७च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांनी स्वतः ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. सिनेमाने त्यांना खलनायक म्हणून घराघरांत पोचवलं, तरी चळवळीतल्या माणसांसाठी ते अखेरपर्यंत ‘निळूभाऊ’च राहिले. सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा निधी जमवण्यासाठी डॉ. श्रीराम लागूंच्या पुढाकाराने नामवंत नटांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. त्यातही निळूभाऊ होते. लीलाधर हेगडे यांनी मुंबईत सांताक्रूझला साने गुरुजी आरोग्य मंदिराची उभारणी केली आणि शाहिराचा आवाज वस्तीतल्या माणसांच्या आरोग्यासाठी व मुलांच्या शिक्षणासाठी वापरला.

दादा कोंडके आणि राम नगरकर हेही याच मुशीतले. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य गाजलं त्यामागे सेवा दलाच्या दौऱ्यांत कमावलेला हजरजबाबीपणा होता. पण याची दुसरी बाजूही आहे. गुणी नट व्यावसायिक रंगभूमीकडे आणि सिनेमाकडे गेले, समाजवादी चळवळीत फाटाफूट होत राहिली, शाखा विरळ झाल्या आणि कलापथकाचा झरा आटत गेला. शाखा जिथे टिकली तिथे कलापथकाला नवी मुलं मिळाली. ती जिथे बंद पडली तिथे उरल्या फक्त आठवणी. रोजचं एकत्र येणं हेच या कलेचं मूळ होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आजचं रिंगण

ही परंपरा संपलेली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर रंगकर्मी अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन रिंगणनाट्याची मोहीम उभी केली. शिबिरं घेतली गेली आणि ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातले विषय घेऊन नाट्यं रचली. नट म्हणून उभा राहिलेला तरुण प्रयोग संपल्यावर गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो, कारण तो मुळात कार्यकर्ता आहे. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. झोपडपट्टीतल्या मुलांनी स्वतःच्या आयुष्यातले विषय निवडले, स्वतः संवाद रचले आणि ते नाट्यगृहात सादर केले. नामवंत रंगकर्मींनी मार्गदर्शन केलं, पण लेखणी मुलांच्याच हाती राहिली. सेवा करणारे आणि सेवा घेणारे यांच्यातली भिंत तिथे पडली.

राष्ट्रीय सेवा योजनेचा पायाही याच कामाला तयार आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. आज गावोगावच्या महाविद्यालयांत तिची पथकं आहेत आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर हा त्यांचा नेहमीचा उपक्रम आहे. या सात दिवसांच्या पहिल्या रात्री मुलांनी गावाचं ऐकलं, दिवसा काम करता करता विषय शोधला आणि शेवटच्या रात्री गावातल्याच माणसांना सोबत घेऊन एक वग उभा केला, तर त्या शिबिराची उंची कुठल्या कुठे जाईल.

सुरुवात कशी करावी?

अशा गटाला लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. ठरावीक वारी, ठरावीक वेळी, एकाच जागी भेटणं ही पहिली. शाळेचं मैदान, समाजमंदिर, देवळाचं आवार, काहीही चालेल. सातत्य मात्र मोडता कामा नये. दुसरी गोष्ट विषयाची. तो वर्तमानपत्रातून उचलण्याआधी वस्तीत शोधावा. पाण्याचा टँकर किती वाजता येतो, कोणत्या मुलीची शाळा सातवीला सुटली, दारूचं दुकान कुठे आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला संहिता सुचायला वेळ लागत नाही. तिसरी, गटातल्या प्रत्येकाने प्रयोगाइतकंच काम करायचं. दारूवर वग केला तर व्यसन सोडू पाहणाऱ्या माणसाच्या घरी महिनाभर जात राहायचं. शाळागळतीवर केला तर त्या मुलीला पुन्हा शाळेत दाखल करेपर्यंत थांबायचं नाही. आणि चौथी, मोठ्यांनी पैसे, जागा, वाहन यांची सोय करावी, पण विषय आणि शब्द तरुणांवर सोपवावेत.

या कामातून नट घडतील की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. माणसं मात्र घडतात. शंभर लोकांच्या नजरेला नजर देऊन बोलायला शिकलेली मुलगी ग्रामसभेत उठून प्रश्न विचारते. झील धरताना दुसऱ्याचा सूर ऐकायची सवय लागलेला मुलगा पुढे माणसांचंही नीट ऐकतो. लोकशाहीला याच दोन गोष्टी रोज लागतात आणि त्या शिकवणारा वर्ग शाळेच्या वेळापत्रकात नाही. म्हणून प्रत्येक गावाने, प्रत्येक प्रभागाने आपलं कलापथक उभं करावं, त्याच्या हाती ढोलकी द्यावी आणि फावडंही द्यावं.