धान्याने फेडलेले अनुदान (लेखांक ५)

मागील लेखांकात अनुदान, म्हणजे परतफेडीची अट नसलेला निधी, आणि कर्ज यांतील भेद पाहिला. या दोहोंच्या मधला एक प्रकार असा असतो की, निधी देणाऱ्याकडे काहीच परत जात नाही, पण घेणाऱ्याला मात्र तो आपल्याच गावाला फेडावा लागतो. तेलंगणातील जहीराबाद परिसरात ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ या संस्थेशी जोडलेल्या महिला संघांनी १९९०च्या दशकात उभारलेला सामुदायिक धान्यनिधी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तत्कालीन आंध्र प्रदेशात १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आणली. तिने गरिबांची भूक काही अंशी भागवली, हे नाकारता येत नाही. तथापि रेशन दुकानातला तांदूळ ओलिताच्या प्रदेशातून येत असल्याने कोरडवाहू ज्वारीला कोणी विचारेनासे झाले आणि हलक्या जमिनी पडीक पडू लागल्या. जमीन पडीक पडली की कडबा जातो, कडब्यामागून गुरे आणि शेणखत जाते, आणि भूमिहीन बायांची खुरपणी-कापणीची मजुरीही बुडते.

केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाच्या अर्थसाहाय्यातून या जमिनी पुन्हा वहितीखाली आणताना एकरी २,७०० रुपये देण्यात आले, तेही एकरकमी नव्हे, तर नांगरणी व खत, पेरणी आणि खुरपणी अशा कामाच्या टप्प्यांनुसार. परतफेड पाच वर्षांत आणि ज्वारीच्या रूपाने करायची होती. योजनेचे मर्म याच अटीत आहे, कारण रोख फेड मागितली असती तर सुगीत, भाव पडलेले असतानाच, शेतकऱ्याला ज्वारी बाजारात काढावी लागली असती आणि गावाच्या पदरी काहीच उरले नसते. जमा झालेले धान्य गावातच साठवून ते टंचाईच्या महिन्यांत गरीब कुटुंबांना बाजारभावापेक्षा कमी दराने विकले जाई. ही कुटुंबे तहसीलच्या यादीवरून ठरत नसत. गावाने जमिनीवर घराघराचा नकाशा मांडून, कोणाची ओढगस्त किती हे चारचौघांत ठरवलेले असे. (अशा उघड निवडीत रुसवेफुगवे टळत नाहीत, पण बंद खोलीत केलेल्या यादीपेक्षा ती तपासायला सोपी असते.)

सलग दुष्काळ पडल्यास असा निधी आटतो, ही त्याची उघड मर्यादा. शिवाय अनुदान शेताला मिळाले, तरी रेशनची खरेदीव्यवस्था तांदूळ-गव्हाभोवतीच राहिली. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्यांना एक रुपया किलो दराने रेशनमध्ये स्थान दिले खरे, परंतु ती गावाच्या शिवारातूनच खरेदी करण्याचे बंधन त्यात नाही. केरळातील ‘कुडुंबश्री’ या महिला गटांच्या कार्यक्रमातील सामूहिक शेतीने पतपुरवठ्याचा निराळा मार्ग धरला, त्याचा विचार पुढील लेखांकात होईल.