कपाटात ठेवलेला चष्मा

‘सत्तरीनंतर’ : लेखांक ७

म्हातारं माणूस वॉर्डात दाखल झालं की तासाभरात नातेवाइकाच्या हातात एक पिशवी येते. तिच्यात बांगड्या, घड्याळ, चष्मा, कवळी, कानाचं मशीन. ‘हरवलं तर आमची जबाबदारी नाही, घरी नेऊन ठेवा.’ माझ्या आत्याची अशी पिशवी मीच घरी आणून कपाटात कुलूपबंद केली होती, आणि एक काम उरकलं म्हणून मला बरंही वाटलं होतं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या रात्री ती सलाईनची सुई उपसून उठायला लागली. म्हशी सुटल्यात, बांधायला हव्यात, म्हणत होती. मला तिने माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. सकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, ‘वय झालंय, होतं असं.’ तोवर तिचे हात कॉटच्या दांड्याला बँडेजने बांधून झाले होते.

मागच्या लेखात स्मृतिभ्रंशाबद्दल लिहिलं होतं. हे प्रकरण वेगळं आहे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं पावलापावलाने येतो. हे काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत उभं राहतं आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतं. सकाळी नातवाचा अभ्यास विचारणारी बाई दिवेलागणीला आपण कुठे आहोत हेच विसरते. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात, आपल्या आज्या ‘वात झाला’ म्हणायच्या. मला आज्यांचा शब्द आवडतो, कारण त्यात दोष माणसावर जात नाही. अंगात काहीतरी बिघडलंय आणि ते डोक्यात चढलंय, एवढं त्यातून कळतं. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ आहे नांगर तासातून बाहेर जाणं. मराठीत नांगराची रेघही तास आणि साठ मिनिटंही तास. आत्याचे दोन्ही चुकले होते.

हा आजार ओळखायची एक सोपी पद्धत डॉ. शॅरन इनोये यांनी १९९० साली मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. त्यातल्या दोन गोष्टी असायलाच हव्यात : एकदम झालेली, चढउतार होणारी सुरुवात आणि लक्ष न टिकणं. त्यांच्या जोडीला बोलण्यातली असंबद्धता किंवा जागेपणातला बदल, यांपैकी एक. खरी मेख लक्षात आहे. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगितले की शनिवार, शुक्रवार करत गाडी मध्येच थांबते आणि नजर खिडकीकडे जाते. आणि सगळेच काही आरडाओरडा करत नाहीत. कित्येक जण निपचित पडून राहतात, हाक मारली की ‘हूं’ म्हणतात, जेवणाचं ताट तसंच परत जातं. ‘आजोबा किती शांत आहेत, अजिबात त्रास नाही,’ असं कौतुक ज्यांचं होतं, त्यांच्याकडे जास्त नीट बघायला हवं. कारण हा त्रास झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा मुक्काम लांबतो, ते पडतं, घरी गेल्यावर पूर्वीसारखं स्वतःचं स्वतः करू शकत नाही. काहींची बुद्धी पुन्हा आधीच्या जागी येतच नाही.

मग हे टाळता येतं का? याचं पहिलं ठोस उत्तर मिळालं ते अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये, येल विद्यापीठाच्या रुग्णालयात. इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या आणि त्यापुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास केला. दाखल होताना यांतल्या कुणालाही डिलिरियम नव्हता, पण धोका होता. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या ४२६ जणांच्या बाबतीत सहा गोष्टींवर पहारा ठेवला : आधीपासूनची थोडी विस्मृती, झोपमोड, अंथरुणाला खिळणं, कमी दिसणं, कमी ऐकू येणं आणि अंगातलं पाणी कमी होणं. नवं औषध एकही नाही.

त्यांनी केलं काय, ते तपशिलाने सांगायला हवं, कारण सगळी गंमत तपशिलात आहे. खाटेसमोर फळा लावला. त्यावर आज देखभाल कोण करणार त्यांची नावं आणि दिवसाचा कार्यक्रम. दिवसातून तीनदा कुणीतरी येऊन बातम्यांवर गप्पा मारायचं, जुन्या आठवणी विचारायचं, शब्दांचे खेळ खेळायचं. तीनदाच चालवायचं, आणि चालणं शक्य नसेल तर पडल्या पडल्या हातपाय हलवून घ्यायचे. चष्मा डोळ्यांवर हवा, नसेल तर भिंग आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं. कानात मळ असेल तर काढायचा, आवाज मोठा करणारं यंत्र द्यायचं. पाणी पाजत राहायचं. रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध किंवा वनस्पतींचा चहा, मंद संगीत, पाठीला मालिश. वॉर्डातली गडबड कमी करायची, इतकी की गोळ्या कुटायची यंत्रंसुद्धा बिनआवाजाची आणली. यातलं बरंचसं काम शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी केलं.

१९९९ च्या मार्च महिन्यात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आले. नेहमीच्या उपचारांत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. आकडा डोळे दिपवणारा नाही. हिशेब केला तर साधारण वीस जणांची अशी काळजी घेतली तेव्हा एक जण वाचला. पण गोळीशिवाय, सुईशिवाय वाचला. चिठ्ठ्या टाकून गट पाडणं तिथे व्यवहारात शक्य नव्हतं, म्हणून सारख्या वयाच्या आणि सारख्या धोक्याच्या रुग्णांच्या जोड्या लावल्या होत्या. काटेकोर वाचकाला ही ढील खटकेल, आणि खटकावीच. पुढे अशा १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली निघाला. त्यातही कौल याच बाजूने लागला, आणि रुग्णांचं पडणंही कमी झाल्याचं दिसलं.

येलच्या निकालात आणखी एक ओळ होती. तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर मात्र या काळजीने त्याची तीव्रता कमी झाली नाही, आणि तो उलटायचाही थांबला नाही. म्हणजे दूध, फळा, गप्पा हे सगळं आधी हवं. शिवाय सहांपैकी सर्वांत कमी पाळला गेलेला नियम झोपेचा होता, ७१ टक्के. ज्यांनी रुग्णालयात एक रात्र काढलीय, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

औषधांचा रस्ताही लोकांनी चोखाळून पाहिला. हॅलोपेरिडॉल आधीच देऊन ठेवलं तर? नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागांतल्या १७८९ रुग्णांवर हा प्रयोग झाला, २०१८ साली निकाल आला : फायदा नाही. उलट काही औषधं काढून टाकल्यानेच धोका कमी होतो. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या. (वर्षानुवर्षं घेत असलेली झोपेची गोळी मात्र एका रात्रीत तोडू नये, त्यानेही डिलिरियम होतो.) बोस्टनमध्ये माझ्या आत्यासारख्याच, खुब्याचं हाड मोडलेल्या १२६ वृद्धांवर २००१ साली छापलेला अभ्यास आहे. वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ रोज येऊन बघत, दुखणं मुरू देत नसत, लघवीची नळी लवकर काढायला लावत, नको असलेली औषधं खोडत. डिलिरियम ५० टक्क्यांवरून ३२ वर आला.

पण स्वयंसेवक आणायचे कुठून? आपल्याकडे एका नर्सकडे किती खाटा असतात हे मी सांगायला नको. याचं उत्तर अमेरिकेतून आलं नाही. तैवानमध्ये तैपेईच्या एका रुग्णालयाने पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फक्त तीनच गोष्टी केल्या : बोलून भान ठेवणं, तोंड स्वच्छ करून खायला मदत, आणि लवकर चालवणं. ३७७ रुग्णांत डिलिरियम १५.१ टक्क्यांवरून ६.६ वर उतरला. आणि चीनमधल्या चेंगडू शहरात तर येलचा सगळा कार्यक्रम नर्सच्या देखरेखीखाली घरच्या माणसांच्या आणि पैसे देऊन ठेवलेल्या मदतनिसांच्या हाती सोपवला. रुग्ण २८१, सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळे शस्त्रक्रियेचे. नेहमीच्या पद्धतीत १९.४ टक्के, नातेवाइकांच्या गटात २.६. एकाच रुग्णालयातला आकडा आहे, तो आपल्याकडे जसाच्या तसा उतरेल असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या वॉर्डाचं चित्र आपल्या ओळखीचं आहे.

आपल्या प्रत्येक खाटेपाशी एक स्टूल असतं आणि त्यावर कुणीतरी बसलेलं असतं. सून, पुतण्या, गावाकडची मावशी. पास एकालाच. या माणसाची कामं काय? औषधाच्या दुकानातून इंजेक्शनं आणणं, रिपोर्टसाठी खिडकीपाशी उभं राहणं, पैसे भरणं, आणि उरलेल्या वेळात मोबाइल. त्याला शिकवायला चेंगडूत नर्स होती. आपल्याकडे त्याला कुणी काही शिकवत नाही, उलट राउंडच्या वेळी बाहेर काढतात. आत्याच्या दुसऱ्या दिवशी मी चार वेळा खाली औषधाच्या दुकानात गेलो. तिला पाणी किती पाजलं, हे मला आठवत नाही.

पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी मोतीबिंदूपेक्षा मोठं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा : रोज कुठल्या गोळ्या चालू आहेत, दारू असेल तर तीही. विस्मृती आधीपासून असेल तर लपवू नका, धोका सर्वांत जास्त तिथेच असतो. पाणी आणि चालणं कधी सुरू करायचं ते त्यांच्याकडून घ्या, मग तेवढं नेमाने करा. बोलताना आल्या आल्या आपलं नाव, आजचा वार आणि जागा सांगा. ‘ओळखलंस का मला?’ अशी परीक्षा घेऊ नका. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. आणि माणूस एकदम वेगळं वागायला किंवा एकदम गप्प राहायला लागलं, तर वयाचं कारण ऐकून घेऊन परत फिरू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, घसरलेलं सोडियम, बद्धकोष्ठ, न सांगता येणारं दुखणं, यांपैकी काय आहे ते शोधा, असा हट्ट धरा.

पिशवी मिळेल तेव्हा दागिने घरी न्या. चष्म्याच्या दांडीला दोरी बांधून तो गळ्यात घाला. मशीनचे जादा सेल उशाशी ठेवा. कवळीसाठी झाकणाची एक डबी घेऊन जा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत नाव आणि खाट क्रमांक लिहा. तशी डबी मी आत्यासाठी चौथ्या दिवशी नेली.

(पुढील लेखांक : घरी आल्यानंतरचे सहा आठवडे)