धर्माचा रकाना

महाराष्ट्रात १९५१ सालच्या जनगणनेत बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ साली जवळपास २८ लाख! मधे १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षा झाली होती. आमच्या मळवली-देहूरोड भागाला तिची चाहूल आधीच लागलेली. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली होती. भाज्याची बौद्ध लेणी तर बावीसशे वर्षांची. पण सरकारी कागद जिवंत माणसांनाच विचारतो.

आणि तिथंच अडतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध म्हणवलं की तो दर्जा गेला. राज्यानं नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण रेल्वे, पोस्ट, देहूरोडचा लष्करी डेपो ही केंद्राची खाती. त्यामुळं भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कागदावर ‘हिंदू महार’, अशी घरं होती. त्यांना लबाड म्हणणाऱ्यांनी कधी जातीच्या दाखल्यासाठी खेटे घातलेले नसतात. केंद्रानं बौद्धांना हा दर्जा १९९० साली दिला. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. २०११च्या फेब्रुवारीत जनगणनेची ड्युटी लागली, तेव्हा मळवलीकडच्या एका आजोबांनी आधी मलाच विचारलं, “बाई, बौद्ध लिवलं तर नातवाचा दाखला अडायचा न्हाई ना?” कायदा बदलून वीस वर्षं झाली होती, धास्ती तशीच होती. ‘नाही अडणार’ म्हटल्यावर त्यांनी ‘बौद्ध’ सांगितलं, मी ५ हा आकडा लिहिला.

मोजणीची धास्ती सत्तेलाही असते. लेबनॉनमध्ये तर सत्तेची वाटणीच पंथांच्या हिशोबानं होते. तिथं शेवटची जनगणना १९३२ची. नव्यानं मोजलं तर खुर्च्या हलतील, म्हणून कुणी मोजतच नाही. आपल्याकडंही १९३१नंतर सगळ्यांच्या जाती जनगणनेत मोजल्या नाहीत. आता २०२७ला मोजायचं ठरलंय. त्यामुळं आमच्याकडं जुना वाद पुन्हा पेटलाय. धर्म बौद्ध लिहायचा हे नक्की, पण जातीपुढं काय? ‘महार लिहा, नाहीतर आरक्षणाला धक्का बसेल,’ असं एक म्हणतो. ‘मग दीक्षा कशाला घेतली?’ असं दुसरा. मला दोघांचंही पटतं.

शाळेतल्या नव्या शिक्षिकांना मी एवढंच बजावलंय, की आडनावावरून रकाना भरू नका. माणूस समोर बसलाय, त्याला विचारा आणि तो सांगेल ते लिहा.