वेताळ टेकडीवर, मार्चमध्ये

कांचन गल्लीचा चढ संपतो आणि समोर सगळं गुलाबी. गिरिपुष्प फुललाय. झाडावर औषधालाही पान नाही, फांद्या नुसत्या तुऱ्यांनी लगडल्यात. खाली मोबाइल उंचावलेले पुणेकर. "जपानला जायची गरजच नाही," लाल टोपीवाल्या काकू मैत्रिणीला सांगतायत.

मी त्या फुलांखालून चालतोय. मधमाश्या घोंघावतायत, एवढं मान्य. पण पाखरू? जमिनीवर पाचोळा आहे, गवत जवळपास नाहीच. हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं, म्हणून वनखात्यानं उघड्या टेकड्यांवर ओळीनं लावलं. टेकडी हिरवी दिसली, काम झालं.

झाडी विरळ होते आणि माथ्यावरचं माळरान लागतं. इथं कुणी फोटो काढत नाही. काळा खडक, वाळून पिवळं पडलेलं गवत, मधेच एखादा हिवर. पण कान उघडे ठेवा. एक चंडोल गातगात वर चढतोय, गवतातून दुसरा त्याला उत्तर देतोय. उताराकडे सालई उभी आहे, कागदासारखी साल सोलून निघतेय, डिंकाचा वास बोटांना लागतो. शेजारी मोई, तीही निष्पर्ण. मेडशिंगीच्या वाकड्या शेंगा वाऱ्यानं हलतायत. खालून, भांबुर्डा वनविहाराच्या बाजूनं, मोराचा टाहो येतो. माझ्या लेखी जंगल ते हे. दिसायला भकास, त्यामुळे 'पडीक' म्हणून कागदावर मांडायला सोयीचं.

जुन्या दगडखाणीत पाणी टिकून आहे. टिबुकली बुडी मारते, भलतीकडेच वर येते.

वेताळबाबाच्या देवळाशी, सुमारे ८०० मीटर उंचीवर, रोजची मंडळी पारावर टेकलीत. विषय ठरलेला: बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून काढायचे बोगदे. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवायला मोर्चा निघाला, त्यात पारावरचे निम्मेअधिक होते.

"रोज अर्धा तास लॉ कॉलेज रस्त्यावर अडकतो मी," स्वेटरमधले आजोबा म्हणतात. "बोगदा झाला तर पाच मिनिटांत कोथरूड."

"मग पंचवीस मिनिटं पौड फाट्याच्या सिग्नलला थांबाल," शेजारचे.

"निदान सावलीत तरी जाईन!"

"तुम्ही निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आप्पा. रोज जाता कुठं?"

आप्पा काठी उचलतात. "ते तुला कशाला?"